पावसाळी डोंगरांवरची मेंढी : न्यूझीलंडमधील पैदाशीचा आढावा

ओल मेंढीला सोसत नाही. खूर सडतात, पोटात जंत वाढतात, भिजलेल्या लोकरीवर माश्या बसून अंडी घालतात. पश्चिम महाराष्ट्रातल्या धनगरांनी यावर पिढ्यान्‌पिढ्या एकच उपाय केला, तो म्हणजे कळप हलवणे. दिवाळीनंतर त्यांचे वाडे, म्हणजे फिरते तळ, घाट उतरून कोकणात जातात, भाताच्या मोकळ्या खाचरांत मेंढ्या बसवतात आणि पावसाच्या आत माणदेशाच्या माळांवर परततात. न्यूझीलंडच्या उत्तर बेटावरील शेतकऱ्याला असे जाता येत नव्हते. त्याची जमीन तारेच्या कुंपणातली, उभ्या उताराची आणि बाराही महिने पावसाची. पुष्कळ ठिकाणी वर्षाला हजार ते दोन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, नांगर चालत नाही, गवताशिवाय दुसरे पीक नाही. मेंढी हलवता येत नाही म्हटल्यावर तिथल्या लोकांनी मेंढीच बदलायला घेतली.

हवी होती ती दुहेरी उपयोगाची मेंढी: अंगावर चांगली लोकर, पोटाला चांगले कोकरू, आणि हे दोन्ही डोंगरावर, पावसात, माणसाच्या फारशा मदतीशिवाय. या मागणीवर दीडशे वर्षे काम झाले आहे. त्यातून काही जाती घडल्या, पशुपैदाशीचे शास्त्र पुढे गेले आणि काही प्रश्न मिटले. पण लोकरीचा भाव कोसळल्यापासून ‘दुहेरी उपयोग’ हीच मागणी धरून ठेवावी की सोडावी, हा वाद नव्याने सुरू झाला आहे. तो आज कुठे उभा आहे, ते पाहू.

मेरिनो मागे, रॉम्नी पुढे

कॅप्टन कुकने 1773 मध्ये एक मेंढा आणि एक मेंढी न्यूझीलंडच्या किनाऱ्यावर उतरवली. दोन्ही काही दिवसांतच मेली. खरी मेंढपाळी सुरू झाली ती 1840 च्या दशकात. 1844 मध्ये चार्ल्स बिडविल यांनी समुद्रकाठाने मेरिनो मेंढ्या हाकत वायरारापा खोऱ्यात नेल्या. मेरिनोची लोकर अतिशय मऊ, पण जात कोरड्या मुलखाची. दक्षिण बेटाच्या कोरड्या, उंच पठारांवर ती रुजली आणि आजही तिथे आहे. उत्तर बेटाच्या ओलीत मात्र तिचे खूर टिकेनात.

मग इंग्लंडमधल्या लांब लोकरीच्या जाती आल्या: लिंकन, लेस्टर, आणि 1853 मध्ये केंटच्या दलदलीतली रॉम्नी. रॉम्नी चिखलात पिढ्यान्‌पिढ्या चरलेली, त्यामुळे तिचे खूर ओल सोसणारे. लोकर जाड, गालिच्याला आणि जाड कापडाला योग्य. दलदलीच्या सपाटीवरची ही जात पुढे डोंगरांची मुख्य जात होईल, असे तिला आणणाऱ्यांच्या मनातही नसावे.

निर्णायक वळण आले 15 फेब्रुवारी 1882 रोजी. गोठवलेल्या मांसाचे सुमारे पाच हजार देह घेऊन ‘डनेडिन’ हे शिडाचे जहाज पोर्ट चामर्सहून लंडनला निघाले आणि माल शाबूत पोहोचला. तोपर्यंत मेंढीचे मोल लोकर आणि चरबीपुरते होते. आता कोकराच्या देहालाही हजारो मैलांवरचे गिऱ्हाईक मिळाले. दुहेरी उपयोगाची कल्पना या जहाजाने व्यवहारात आणली. दक्षिणेत जेम्स लिटल यांनी मेरिनो आणि लिंकनच्या संकरातून घडवलेली कॉरिडेलही याच मागणीत बसली, पण ती तुलनेने कोरड्या भागांची. ओल्या डोंगरांवर रॉम्नीचेच राज्य झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर विमानातून सुपरफॉस्फेट टाकायची पद्धत 1949 पासून पसरली, उतारांवर क्लोव्हर आणि चांगले गवत वाढले, आणि 1982 मध्ये देशातील मेंढ्यांची संख्या सात कोटींवर गेली.

डोळ्यांवर आलेली लोकर

रॉम्नीच्या या विस्तारातच तिचा दोष वाढत गेला. प्रदर्शनांत बक्षीस मिळायचे ते दाट लोकरीने डोके-पाय झाकलेल्या, ठेंगण्या, भरल्या अंगाच्या जनावराला. पैदासकार तसेच मेंढे निवडत गेले. अशा मेंढीची डोंगरावर काय गत होते ते वसंतात कळते. उतारावर ती व्याली, दक्षिणेकडून थंड पाऊस सुटला. चेहऱ्यावरची लोकर भिजून डोळ्यांवर आली आहे. कोकरू दोन-चार पावले खाली घसरले तरी तिला ते दिसत नाही. दुसरे कोकरू जन्मत असताना पहिले ओले पडून राहते. खांदे रुंद, डोके मोठे, म्हणून वीणही अडते. मोठ्या डोंगरी शेतावर हजारो मेंढ्यांमागे एखादाच माणूस घोड्यावरून फिरणारा. तो पोहोचेपर्यंत उशीर झालेला असतो. शंभर मेंढ्यांमागे शंभर कोकरेही हाती न लागणे ही अशा शेतांवर नेहमीची गोष्ट होती.

यावर दोन उत्तरे आली, दोन्ही कृषी महाविद्यालयांतून. पामर्स्टन नॉर्थच्या मॅसी महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य जेफ्री पेरेन यांनी रॉम्नीवर शेविअट ही स्कॉटलंड-इंग्लंडच्या सीमेवरची काटक डोंगरी जात वापरली. निघालेली पेरेंडेल उघड्या चेहऱ्याची, चपळ, सहज विणारी, आणि काहीशी बिचकणारी. 1960 मध्ये तिची संस्था स्थापन झाली. लिंकन महाविद्यालयात इयान कूप यांनी रॉम्नीवर बॉर्डर लेस्टर वापरून कूपवर्थ घडवली. ती जास्त दुधाची, जुळी देणारी, पण चांगल्या चाऱ्यावर खुलणारी. 1968 मध्ये स्थापन झालेल्या कूपवर्थ संस्थेने एक अट घातली: उत्पादनाची नोंद नसलेले जनावर नोंदणीस पात्र नाही. माझ्या मते या सगळ्या इतिहासातील सर्वांत दूरगामी गोष्ट हीच अट. जातीची ओळख तिने रूपावरून काढून नोंदवहीत आणून ठेवली.

रॉम्नीवाल्यांनीही पुढे उघड्या चेहऱ्याची, विणीत मदत न लागणारी जनावरे निवडून आपली जात सावरली. आजची रॉम्नी आणि 1950 ची प्रदर्शनी रॉम्नी यांच्यात नावापलीकडे फार थोडे साम्य आहे.

नोंदवही आणि निर्देशांक

नोंदींमागचे गणित मॅसीच्या ए. एल. रे यांनी न्यूझीलंडमध्ये आणले. अमेरिकेत पशुपैदास-शास्त्रज्ञ जे लश यांच्याकडे ते शिकले होते. त्यांच्या पुढाकाराने 1960 च्या दशकाच्या अखेरीस राष्ट्रीय कळपनोंदणी सुरू झाली, 1976 मध्ये तिच्या जागी ‘शीपलॅन’ आले आणि 1999 मध्ये आजची ‘एसआयएल’ ही यंत्रणा. मेंढ्याची स्वतःची कामगिरी, आई, बहिणी, मुली या सगळ्यांच्या नोंदींतून प्रत्येक गुणाचे पैदास-मूल्य काढायचे, त्याला पैशात तोलायचे आणि सर्वांची बेरीज करून एक निर्देशांक मांडायचा, अशी तिची रीत. दुहेरी उपयोगाच्या निर्देशांकात कोकरांची संख्या, त्यांची वाढ, जगण्याची शक्यता, लोकर आणि मेंढीचे प्रौढ वजन हे घटक येतात. प्रौढ वजनाला उणे गुण असतात, कारण भारी मेंढी जास्त खाते.

याचे फळ दिसते. 1990 च्या सुमारास शंभर मेंढ्यांमागे जेमतेम शंभर कोकरे होती, अलीकडे ती एकशे तीसच्या आसपास आहेत, आणि कोकराच्या देहाचे सरासरी वजनही बरेच वाढले. मेंढ्यांची संख्या मात्र आता अडीच कोटींच्याही खाली आहे. 1984 नंतर सरकारने शेतीची अनुदाने काढली, चांगल्या जमिनी दुभत्या गाईंकडे गेल्या, आणि मेंढी जास्तच उभ्या, जास्तच ओल्या डोंगरांवर सरकली. वाढीतला किती भाग पैदाशीचा आणि किती चांगल्या चाऱ्या-व्यवस्थेचा, यावर अभ्यासक एकमत नाहीत. पण पैदाशीचा वाटा मोठा आहे, हे कोणी नाकारत नाही.

आक्षेप वेगळा आहे. निर्देशांकातील प्रत्येक गुणाचे वजन आजच्या बाजारभावावरून ठरते. आज निवडलेल्या मेंढ्याच्या मुली कळपात सहा-सात वर्षे राहतात, आणि त्या मुलींचे मुलगे त्यापुढे. लोकरीचा भाव तेवढ्या काळात कुठे जाईल, हे कोणाच्या हातात नाही. 1951 मध्ये कोरियन युद्धामुळे लोकरीला सोन्याचे मोल आले होते. 1966 मध्ये भाव कोसळले. त्या पंधरा वर्षांत लोकरीसाठी निवड केलेल्यांनी पुढच्या दोन दशकांचे कळप घडवले.

किती कोकरे पुरेत?

1990 च्या सुमारास फिनलंडची फिन आणि युरोपची टेक्सेल या जाती विलगीकरणातून न्यूझीलंडच्या शेतांत आल्या, पाठोपाठ दुधाळ ईस्ट फ्रिजियन आली. रॉम्नी-कूपवर्थवर त्यांचा संकर करून ‘कॉम्पोझिट’ कळप उभे राहिले. संकरजोमामुळे पहिल्या पिढीत मोठी झेप मिळाली. शुद्ध जातीचे कैवारी म्हणतात की ती झेप पुढच्या पिढ्यांत ओसरते आणि फिनचा नाजूकपणा डोंगरावर नडतो. संकराचे समर्थक म्हणतात की जातीचे नाव जपण्यात अर्थ नाही, निर्देशांक पाहा. डोंगरी शेतांवरचा अनुभव दोघांनाही पूर्ण दुजोरा देत नाही. बऱ्याच ठिकाणी फिनचा अंश थोडा ठेवून बाकी रॉम्नीकडे परत वळलेले कळप दिसतात.

याच काळात एकेकट्या जनुकांचा शोध लागला, आणि इथे हा विषय महाराष्ट्राला येऊन भिडतो. ऑस्ट्रेलियातील बूरुला मेरिनोत जुळी-तिळी देणारे एक जनुक सापडले होते. त्याचा माग काढता ते 1790 च्या दशकात कोलकात्याहून जहाजाने गेलेल्या बंगाली मेंढ्यांपर्यंत, सुंदरबनच्या गारोळपर्यंत पोहोचले. गारोळ ही दलदलीत चरणारी ठेंगणी मेंढी. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने 1990 च्या दशकापासून हेच जनुक दख्खनी मेंढीत आणले आणि ‘नारी सुवर्णा’ वाण घडवला; जनुक ओळखण्याची डीएनए चाचणी उभारण्यात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचाही हात होता. दख्खनी मेंढी बहुधा एकच कोकरू देते. तिच्या बाबतीत जुळ्यांचा फायदा उघड आहे, आणि धनगराचा कळप माणसाच्या रोजच्या नजरेखाली असतो.

न्यूझीलंडच्या रॉम्नीत इन्व्हरडेल नावाचे दुसरे जनुक मिळाले. त्याची एक प्रत असलेली मेंढी जास्त कोकरे देते, दोन प्रती असलेली वांझ राहते. ते वापरायचे तर मेंढ्यांच्या वंशावळीवर कडक लक्ष लागते. म्हणून डोंगरी शेतकऱ्यांनी दोन्ही जनुकांकडे बहुतांशी पाठ फिरवली. त्यांची अडचण कोकरांच्या संख्येची उरली नाही. तिळी जन्मली की एक तरी जाते, आणि आईही खंगते. संख्या आणखी वाढवायची की आहे ती जगवायची, यात आज बहुसंख्यांचा कौल जगवण्याकडे आहे. पण निर्देशांकात संख्येचे पैसे चटकन दिसतात, जगण्याचे दिसत नाहीत.

मेंढ्याला पाजलेले विष

ओल्या, उबदार डोंगरांचा सर्वांत क्रूर रोग म्हणजे फेशियल एक्झिमा. उन्हाळ्याच्या शेवटी पाऊस झाला की गवताच्या वाळक्या पाचोळ्यावर एक बुरशी वाढते. तिच्या बीजाणूंतील स्पोरिडेस्मिन हे विष यकृताच्या पित्तनलिका जाळते. पित्त अडले की चाऱ्यातील हरितद्रव्याचा अवशेष रक्तात साठतो आणि उन्हात कातडी होरपळते. मेंढीचे कान-तोंड सुजते, खपल्या धरतात, ती सावली शोधत डोके झाडाला घासत राहते. 1938 च्या मोठ्या साथीनंतर वीस वर्षांनी, 1958 मध्ये, हॅमिल्टनजवळच्या रुआकुरा संशोधन केंद्रात ही बुरशी ओळखली गेली.

जस्त पाजल्याने बचाव होतो, पण हजारो मेंढ्यांना महिनोन्‌महिने जस्त देणे डोंगरावर जिकिरीचे. त्यामुळे पैदाशीचा मार्ग महत्त्वाचा ठरला. 1980 च्या दशकापासून ‘रॅमगार्ड’ चाचणी सुरू आहे. निवडक तरुण मेंढ्यांना स्पोरिडेस्मिनची मोजलेली मात्रा पाजतात आणि तीन आठवड्यांनी रक्तातील जीजीटी हे विकर तपासतात. ते वाढले नाही तर यकृत टिकले. प्रतिकाराची आनुवंशिकता सुमारे चाळीस टक्के, म्हणजे अशा गुणासाठी भरपूर. काही पैदासकारांनी तीस-चाळीस वर्षे हेच काम धरून ठेवले आणि त्यांच्या कळपांत फरक पडला. हा या क्षेत्रातील निर्विवाद विजय आहे, आणि त्या चिकाटीबद्दल मला मनापासून आदर वाटतो. पण चाचणी महाग आहे आणि मेंढ्याला त्रास देणारी आहे. हवामान तापत चालले तसा रोग दक्षिणेकडे सरकतो आहे, आणि तिथल्या कळपांत हा प्रतिकार फारसा तपासला गेलेला नाही. विष न पाजता केवळ जनुकांवरून प्रतिकार ओळखण्याचे प्रयत्न चालू आहेत.

जंतांच्या बाबतीत एकमत नाही. जंतनाशकांच्या तिन्ही प्रमुख गटांना न जुमानणारे जंत न्यूझीलंडमध्ये आहेत, त्यामुळे पैदाशीशिवाय पर्याय नाही, इथपर्यंत सर्व सहमत. पुढे दोन तट. पहिला म्हणतो, जंत अंगात वाढूच न देणारी मेंढी निवडा. लेंड्यांतील अंडी मोजून हे करता येते, आणि कुरणावरचा जंतांचा भारही उतरतो. दुसरा म्हणतो, जंत असूनही वाढणारी, खंबीर मेंढी निवडा, कारण प्रतिकाराला शरीर किंमत मोजते. या दुसऱ्या बाजूला एक ठोस आधार मिळाला: न्यूझीलंडमधील काही प्रयोगांत लेंड्यांत जंतांची अंडी कमी असलेल्या वंशांच्या मेंढ्यांना हगवण जास्त लागली. शेपटीखालच्या लोकरीला घाण चिकटली की माश्या येतात, म्हणजे एका ओल्या संकटातून दुसऱ्यात. दोन्ही गुणांची एकत्र निवड करणारे पैदासकार आता वाढत आहेत. तो मार्ग मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो, पण त्याला जास्त मोजमाप लागते आणि वेग मंदावतो.

लोकर ठेवायची की गाळून टाकायची

आता मुख्य वाद. जाड लोकरीचा भाव कृत्रिम धाग्यांच्या गालिच्यांनी खाली आणला. गेल्या दशकात अशी वर्षे आली की मेंढी कातरण्याचा खर्च लोकरीच्या पैशातून निघाला नाही. मग काहींनी विल्टशायर ही जुनी इंग्लिश जात धरली. ती आपली लोकर वसंत-उन्हाळ्यात आपोआप गाळते. कातरणी नाही, शेपटीजवळची घाण काढणे नाही, माश्यांचा त्रास कमी. त्यांचा युक्तिवाद सरळ आहे: ओल्या डोंगरावर लोकर हे उत्पन्न उरलेले नाही, ते ओझे आहे, तर मेंढी मांसाची एकेरी उपयोगाचीच असू द्या. आपल्याकडेही असेच घडले आहे. दख्खनी लोकरीला घोंगडीबाहेर गिऱ्हाईक कमी झाले तसे जतकडच्या, जवळजवळ लोकर नसलेल्या माडग्याळ मेंढीकडे अनेक मेंढपाळ वळले.

विरुद्ध बाजू तीन गोष्टी पुढे करते. एक, रॉम्नीचा कळप विल्टशायरने बदलत नेला तर लोकर पूर्ण गळायला तीन-चार पिढ्या लागतात. मधल्या पिढ्या अर्धवट गाळतात, त्यांना कातरावेही लागते आणि लोकर विकतही नाही. दोन, विल्टशायरमधील नोंदी असलेले कळप थोडे, त्यामुळे चार दशकांच्या निवडीने रॉम्नीत साठवलेली जुळी, वाढ आणि फेशियल एक्झिमाचा प्रतिकार यांवर पाणी पडू शकते. तीन, लोकर पुन्हा चालेल. 1 जुलै 2025 पासून सरकारी इमारतींत शक्य तिथे लोकरीची सामग्री वापरण्याचा नियम लागू झाला आहे, आणि दरही तळापासून काहीसे सावरले आहेत. मॅसी विद्यापीठाने मास्टरटनजवळच्या आपल्या शेतावर 2020 पासून रॉम्नीचा कळप टप्प्याटप्प्याने विल्टशायरकडे नेत दोन्हींची तुलना चालवली आहे. असा हिशेब सर्व पिढ्यांतून पार पडल्याशिवाय कोणत्याही बाजूने छातीठोक बोलू नये.

या दोहोंमधला तिसरा मार्ग कमी चर्चिला जातो. डेव्हिड स्कोबी यांच्यासारखे संशोधक लोकर ठेवून फक्त पाठीमागचा भाग, पोट आणि शेपटी यांवरची लोकर आनुवंशिकतेने कमी करण्याचा आग्रह धरतात. आखूड शेपटीची, मागून उघडी मेंढी स्वच्छ राहते आणि तिची शेपटी छाटावी लागत नाही. प्राणिकल्याणाचे नियम कडक होत चालले असताना हा विचार मागे पडला याची खंत वाटते.

सुस्थितीतले मेंढे, अडचणीतल्या मेंढ्या

बहुतेक पैदाशीचे कळप सपाट, सुपीक जमिनीवर असतात. त्यांचे मेंढे विकत घेणारा मात्र डोंगरावर. सुखात सर्वांत जास्त वाढणारा मेंढा अडचणीत सर्वांत चांगल्या मुली देईलच असे नाही. 2002 पासून वेगवेगळ्या ठिकाणी त्याच नर मेंढ्यांची संतती तपासणाऱ्या मध्यवर्ती चाचण्या झाल्या. त्यांत बहुतेक गुणांसाठी क्रम फारसा उलटत नाही असे दिसले, पण अत्यंत कठीण डोंगर त्या चाचण्यांत थोडेच होते. म्हणून डोंगरी पैदासकारांचा एक गट आपले कळप मुद्दाम तुटपुंज्या चाऱ्यावर, औषधाशिवाय ठेवतो आणि उरेल ते विकतो. यात नोंदी कमी आणि काळ जास्त लागतो, तरी त्यांचे ग्राहक टिकून आहेत.

मिथेनचा प्रश्न यात नव्याने आला. डनेडिनजवळच्या इन्व्हरमे केंद्रात कमी आणि जास्त मिथेन सोडणाऱ्या मेंढ्यांचे दोन वंश पिढ्यान्‌पिढ्या वेगळे निवडले आहेत. ट्रेलरवरच्या बंद पेट्यांत मेंढीला तासाभराहून कमी वेळ ठेवून वायू मोजतात. वंशांतील फरक दहा टक्क्यांच्या आसपास गेला आहे, आणि कमी मिथेनवाल्यांचे पोट लहान असते. लहान पोटाची मेंढी डोंगराच्या निकस, जाड्याभरड्या गवतावर कशी निभावेल, हे अजून ठरायचे आहे. मिथेनला निर्देशांकात किती वजन द्यायचे, हे त्याच्यावर किंमत लागल्याशिवाय सांगता येत नाही.

सर्वांत मूलभूत गोष्टीचे मोजमापही अपुरे आहे. कोकरू जगण्याची आनुवंशिकता फार कमी, बहुतेक अंदाजांत पाच टक्क्यांच्या आत. लिंकन विद्यापीठात थंडी सोसण्याशी जोडलेले एक जनुक-चिन्ह सापडले, पण एवढ्याने काम भागत नाही. गाभण मेंढ्यांचे स्कॅनिंग करून किती कोकरे आहेत ते कळते, आणि काही आठवड्यांनी शेपट्या छाटताना किती उरली तेही कळते. डीएनए चाचणीमुळे उरलेल्यांचे आईबाप आता सपाटीवर न आणताही ओळखता येतात. मधल्या काळात उतारावर मेलेले कोकरू थंडीने गेले, विणीत गुदमरले की आईने टाकले, हे हजारो एकरांत कोणी पाहिलेले नसते. ती कारणे वेगवेगळी नोंदवली गेल्याशिवाय जगण्यासाठीची निवड अंदाजानेच चालणार.